बूट मधोमध कापला तर काय दिसतं? (बनावट, भाग आणि बिघाड)

तापीकाठ

खान्देशात बुटाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे सरकतो तेव्हा, आणि जुलैत काळी माती तळाला धरून बसते तेव्हा. दुकानात आपण रंग, चकाकी आणि भाव बघतो. बूट टिकणार की नाही हे मात्र आतल्या, न दिसणाऱ्या जागी आधीच ठरून गेलेलं असतं. त्यासाठी हा धागा. कारखान्यातलं काम, दुरुस्ती, सेफ्टी शूज यांची ज्यांना माहिती आहे त्यांनी हातचं राखून न ठेवता लिहावं. "अमुक कंपनीचा घ्या" एवढंच नको, कारण सांगा.

सुरुवात अशी करू. टाकून द्यायचा एखादा ऑफिसचा चामडी बूट घ्या, लेस काढा, व्हाइसमध्ये आडवा धरा आणि हॅक्सॉ ब्लेडने लांबीत मधोमध कापा. पुढून निम्म्यापर्यंत ब्लेड सहज जातं. मग कर्रर्र आवाज येतो आणि दाते घसरतात. ती पोलादी पट्टी म्हणजे शँक. साधारण १० सेंमी लांब, बोटाएवढी रुंद, टाचेखालून चवड्याच्या अलीकडेपर्यंत. टाच उंचावलेली आणि चवडा जमिनीवर, यांच्यामधला पूल ही पट्टी सांभाळते. ती नसेल तर काही महिन्यांत बूट कमानीपाशी खचतो आणि टाच मागे झुकते. ती लांब पडली तर चवडा वाकतो तिथेच तिचं टोक येतं आणि एक दिवस आतून टोचायला लागतं.

आता कापलेली कड उजेडात धरा. वरून पहिला थर सॉक लायनर, म्हणजे ज्यावर नाव छापलेलं असतं ती पातळ गादी. त्याखाली दीड-दोन मिलिमीटरचा कडक पुठ्ठ्यासारखा इनसोल बोर्ड. बुटाचा पाया तोच. सगळं त्याच्याभोवती बांधलेलं असतं. त्याखाली वरच्या चामड्याची आत दुमडलेली कड, सगळीकडून १५ मिमीच्या आसपास. कडांच्या मधे उरलेल्या खळग्यात फिलर, आणि मग सोल. मागे, अस्तर आणि चामडं यांच्यात एक कडक वाटी दिसेल, ती काउंटर. पुढे बोटांवर तशीच पण पातळ वाटी, ती टो-पफ. काउंटर टाच डळमळू देत नाही, टो-पफ पुढचा आकार बसू देत नाही. स्वस्त बुटात या दोन ठिकाणी हमखास काटकसर केलेली असते. दुकानात टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबून बघा. सहज आत गेला आणि तसाच राहिला तर आत नुसता कागदी पुठ्ठा आहे, तो पहिल्या पावसात विरघळणार.

रापी_आरी

तापीकाठ भाऊ, चांगला विषय काढलात. तुम्ही कापलेल्या बुटात एक गोष्ट दिसणार नाही, कारण ती कारखान्यातच राहते. ती म्हणजे लास्ट, जुन्या कारागिरांच्या भाषेत फर्मा. पूर्वी लाकडाचे असत, आता टणक प्लास्टिकचे, मधे बिजागरी असलेले, म्हणजे बूट तयार झाला की फर्मा दुमडून बाहेर काढता येतो. डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा, प्रत्येक मापाचा वेगळा.

फर्मा ही पायाची हुबेहूब नक्कल नसते. पुढचं टोक जमिनीपासून थोडं उचललेलं असतं, त्यामुळे सोल कडक असला तरी पाऊल पुढे लोळतं. खालची कड पायासारखी गोल नसते, धारदार असते, म्हणजे चामडं तिच्यावरून नीट दुमडतं. बोटांपुढे मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. बूट चावतो तेव्हा लोक चामड्याला दोष देतात. बहुतेक वेळा दोष फर्म्याचा असतो, आणि फर्मा चुकला तर तेल लावून, ताणून तो बूट पूर्ण सुधारत नाही.

मापाचं गणित एकदा समजून घ्या. आपल्याकडे चालतात ते ब्रिटिश नंबर, त्यात एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४६ मिमी. ८ नंबरमध्ये २५ मिळवा, ३ ने भागा: ११ इंच, म्हणजे २७९.४ मिमी. ही फर्म्याची लांबी. युरोपी ४२ नंबर घ्या, तिथे एक पॉइंट ६.६७ मिमीचा, ४२ ने गुणलं की २८० मिमी. म्हणून डबीवर ८ आणि ४२ शेजारी-शेजारी छापलेले असतात. पाय मात्र त्याहून १० ते १५ मिमी आखूड हवा. तेव्हा ८ नंबर साधारण २६५ ते २६९ मिमीच्या पावलाला. भिंतीला टाच टेकवून, दोन्ही पायांवर भार देऊन उभं राहा, कागदावर लांब बोटापाशी खूण करा. हे संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा.

केळीबाग_रावेर

दादा, एक शंका. आमच्या पट्ट्यात शेतात निम्मं आयुष्य अनवाणी नाहीतर चपलेत जातं. चवडा पसरट असतो. ८ नंबर लांबीला बसतो पण करंगळी दाबते, म्हणून दुकानदार ९ देतो. यात काही नुकसान आहे का?

रापी_आरी

नुकसान आहे, आणि मोठं आहे. बूट एकाच रेषेवर वाकायला बनवलेला असतो, टाचेपासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर, जिथे अंगठ्याचा सांधा येतो. नंबर वाढवला की ही रेषा पाच-सहा मिमी पुढे सरकते. पाय एका जागी वाकतो, बूट दुसऱ्या जागी. वरच्या चामड्याची घडी बोटांच्या मुळावर रुतते, टाच मागून निसटते, मोजा घासतो आणि फोड येतो. सोलही चुकीच्या जागी मोडून तडकतो.

रुंदी हे वेगळं माप आहे. चवड्याभोवती टेप गुंडाळून घेर मोजतात. एकाच ८ नंबरमध्ये अरुंद, मध्यम, रुंद असे घेर बनतात आणि दोन घेरांत साधारण ६ मिमीचा फरक असतो. डबीवर किंवा जिभेच्या आत जी, एच असं अक्षर दिसलं तर ते हेच. ब्रिटिश पद्धतीत अक्षर जितकं पुढचं तितका बूट रुंद. अक्षरच नसेल तर घेर एकच बनवलाय असं समजा. मग पुढून गोल टोकाचा आणि डर्बी पद्धतीचा घ्या. डर्बीत लेसच्या दोन्ही पाळ्या वरून शिवलेल्या असतात, त्या पूर्ण उघडतात, उंच पावलाला जागा मिळते. ऑक्सफर्डमध्ये पाळ्या पुढच्या भागाखाली शिवलेल्या, तो तेवढा उघडत नाही.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर लाखावर लोकांचे पाय त्रिमितीय यंत्रांनी मोजले, ते याच कारणासाठी. आपले पाय ब्रिटिश-युरोपी फर्म्यांपेक्षा रुंद निघाले. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवली आहे. ती बाजारात रुळली तर तुमच्या पट्ट्यातल्या करंगळ्या सुटतील.

शिलाईघर

अपरबद्दल थोडं, म्हणजे सोलच्या वरच्या सगळ्या भागाबद्दल. चामडं सगळीकडे सारखं नसतं. जनावराच्या पाठीचा, ढुंगणाकडचा भाग घट्ट तंतूंचा; पोटाचा आणि पायांजवळचा सैल. चवड्यावरचा तुकडा पाठीतून काढायचा आणि असा ठेवायचा की चामडं ज्या दिशेला कमी ताणतं ती दिशा टाच-ते-बोटं अशी येईल. आडवं थोडं ताणलं तर चालतं, लांबीत ताणलं तर बूट महिन्यात ढगळ होतो. जीभ, आतले पट्टे, न दिसणारे तुकडे पोटातून काढतात. एका जोडीतला डावा-उजवा तुकडा चामड्यात शेजारी-शेजारी कापला नाही तर दोन बुटांच्या रंगात आणि सुरकुतीत फरक दिसतो.

जाडी: ऑफिसच्या बुटाला १.२ ते १.४ मिमी, सेफ्टीला १.८ ते २. अस्तर १ मिमीच्या आत. दोन तुकडे एकावर एक येतात तिथे कड ८-१० मिमी रुंदीत तासून पातळ करतात, त्याला स्काइव्हिंग म्हणतात. ते नीट झालं नाही तर जोडावर उंचवटा राहतो आणि नेमका घोट्याखाली घासतो.

शिलाईबद्दल एक गैरसमज मोठा आहे, की जितके टाके जास्त तितकी मजबुती. चामड्यात सुईचं भोक बुजत नाही. सेंटिमीटरला तीन-चार टाके पुरेत. सहा-सात घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी ओळ पडते आणि चामडं तिथूनच फाटतं. कडेपासून दीड-दोन मिमी अंतर हवं. चवडा वाकतो तिथे दुहेरी शिलाई असावी आणि शिलाईच्या टोकाला छोटा आडवा टाका. जीभ जिथे सुरू होते त्या कोपऱ्यात बघा, हा आडवा टाका नसेल तर फाटायची सुरुवात तिथूनच होणार.

एमआयडीसी_धुळे

हाई बठ्ठं वाचीसन डोकामा उजेड पडना भो. आता सगळ्यांच्या दुखण्याचा प्रश्न: सोल सुटतो का? शिवलेला दिसतो, तरी पावसाळ्यात तोंड उघडतं.

लास्टिंगरूम

शिवलेला दिसतो त्यातली बरीच शिलाई खोटी असते. साच्यातच टाक्यांची नक्षी उमटवलेली असते. सोलच्या कडेला नखाने टाका उचलून बघा. दोरा हलला नाही तर ती नक्षी आहे. आज बाजारात मिळणारे बहुतेक बूट चिकटवलेले असतात. चिकटवणं वाईट नाही. नीट चिकटवलेला सोल ओढला तर आधी चामडं फाटतं, जोड नाही. पण त्यासाठी सहा-सात कामं क्रमाने व्हावी लागतात आणि एकही गाळलं तरी बाहेरून काहीच दिसत नाही.

आधी लास्टिंग, म्हणजे अपर फर्म्यावर ओढून बसवणं. इनसोल बोर्ड फर्म्याच्या तळाला दोन-तीन चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, टोचतात. अपरला वाफ देऊन मऊ करतात आणि फर्म्यावर चढवतात. यंत्राच्या चिमट्यांनी पुढची कड खाली ओढली जाते, पट्ट्या तिला आत दाबतात आणि गरम वितळलेला गोंद तिथल्या तिथे पकडतो. मग बाजू, मग टाच. मागची उभी शिवण सरळ आली का आणि दोन्ही बुटांची मागची उंची सारखी आहे का, हे याच वेळी बघायचं. नंतर गरम हवेच्या पेटीतून नेतात, म्हणजे ताण चामड्यात बसतो. ही पेटी घाईत आटपली तर फर्मा काढल्यावर चामडं मागे आकसतं आणि डबीत असतानाच बूट अर्धा नंबर लहान होतो. त्या दोन-तीन चुका काढायला विसरले तर त्या वापरणाऱ्याच्या तळव्यात जातात. म्हणून नवीन बुटात आधी हात घालून तळ चाचपून घ्या. हे हातकाम यंत्राला जमणार नाही असं फार काळ मानलं जाई. यान मॅट्झेलिगर यांनी १८८३ मध्ये लास्टिंग यंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा बुटाचा धंदा पालटला.

आता चिकटवणी. दुमडलेली कड तारेच्या ब्रशने खरवडायची, इतकी की वरचा रंगाचा पापुद्रा जाऊन तंतू उघडे पडतील. खरवडलं नाही तर गोंद पापुद्र्याला धरतो आणि पापुद्र्यासकट निघून येतो. खोल खरवडलं तर कड कमकुवत होते. सोलची भिंत जिथवर येणार तिथे खुणेची रेघ मारतात. खरवड तिच्या केसभर आत थांबली पाहिजे. बाहेर गेली तर वर पांढरट पट्टा दिसतो, फार आत राहिली तर तिथे फट.

सोलचंही तसंच. साच्यातून सुटावा म्हणून आत तेलकट फवारा मारलेला असतो. तो धुतल्याशिवाय गोंद धरत नाही. रबर आणि टीपीआर (रबरासारखं प्लास्टिक) सोलवर क्लोरीन असलेलं प्रायमर लावावं लागतं, ईव्हीएवर (हलक्या फोमवर) वेगळं. मग पीयू (पॉलियुरेथेन) गोंद, त्यात ३ ते ५ टक्के हार्डनर, दोन्ही बाजूंना पातळ हात, १५-२० मिनिटं वाळवणं, मग दिव्याखाली ६० अंशांच्या आसपास तापवून लगेच जोडणं आणि प्रेसमध्ये दहा-पंधरा सेकंद दाब. पूर्ण ताकद यायला एक ते तीन दिवस.

सोल सुटलेला बूट फेकू नका, आधी दोन्ही उघडे भाग उन्हात धरा. कारण तिथे लिहिलेलं असतं. गोंदाचा पापुद्रा सगळा अपरकडे आणि सोल कोरा, चकचकीत? सोल धुतला नव्हता किंवा प्रायमर गाळला. पापुद्रा सोलकडे आणि त्यावर चामड्याच्या रंगाची साल? खरवड झालीच नाही. दोन्हीकडे गोंद आहे पण कोरडा, काचेसारखा गुळगुळीत? गोंद वेळेपेक्षा जास्त सुकला किंवा तापवला नाही. गोंद चिघळून च्युइंगमसारखा झालाय? सोल पीव्हीसीचा होता आणि साधा निओप्रीन गोंद वापरला. पीव्हीसीतलं मऊ करणारं तेल हळूहळू गोंदात शिरतं आणि तो विरघळतो. आणि चामड्याचे तंतूच उपटून आले असतील तर कारागिराने काम चोख केलं होतं, चामडंच कच्चं निघालं.

एमआयडीसी_धुळे

पावसाळ्यात बनलेला माल जास्त सुटतो असं ऐकलंय. खरं आहे का?

लास्टिंगरूम

खरं आहे, आणि कारण साधं आहे. गोंदातला द्राव उडताना पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असेल तर त्या थंड थरावर डोळ्याला न दिसणारं दव बसतं. काही वेळा गोंद पांढरट दिसतो, तीच खूण. त्यावर जोड दाबला तर मधे पाण्याचा थर अडकतो. उपाय म्हणजे वाळवणं कोमट हवेत करणं. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात उलटं होतं: गोंद पाच मिनिटांत सुकतो, कामगार ठरलेली वीस मिनिटं थांबतो आणि पकड निघून जाते. घड्याळ बघू नका, बोटाची पाठ लावून बघा. चिकट लागावं पण तार सुटू नये. रस्त्यावर बसणाऱ्या कारागिराचं सोल्युशनही याच नियमाने चालतं. दोन्ही बाजूंना लावायचं, थांबायचं, मग एकदाच जोडून ठोकायचं. ओलं असताना जोडलं की द्राव आत कोंडतो.

सातपुडा_पायथा

म्हणूनच गुडइयर वेल्ट घ्यावा. शिलाईचा बूट, त्यात पाणी जायचा प्रश्नच नाही.

रापी_आरी

अर्धं बरोबर आहे दादा. त्या पद्धतीत इनसोलच्या खालच्या बाजूला एक उभी बरगडी असते. अपर आणि वेल्ट नावाची पट्टी एका शिलाईने त्या बरगडीला जोडतात, मग बाहेरचा सोल दुसऱ्या शिलाईने फक्त त्या पट्टीला. दोन्ही शिलाया एकमेकींना भेटत नाहीत, म्हणून बाहेरच्या टाक्यांतून आलेलं पाणी सहसा पायापर्यंत पोचत नाही. मधल्या खळग्यात बुच्याचा भुगा भरतात, तो दाबून दाबून पायाच्या आकाराचा होतो. सोल झिजला की बाहेरची शिलाई उसवून नवा लावता येतो. खरा फायदा हा. पण वेल्ट आणि अपर यांच्या सांध्यातून पाणी झिरपतंच. भरलेल्या सरीतून चालायचं असेल तर कुठलाही शिवलेला चामडी बूट कामाचा नाही. शिवाय वजन जास्त, आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे कडक.

ब्लेक शिलाई वेगळी. लायमन ब्लेक यांच्या १८५८ च्या यंत्राची. एकच टाका इनसोल, अपर, सोल यांच्या आरपार. बूट हलका आणि लवचीक, पण सोलखालचं पाणी दोऱ्याबरोबर थेट मोज्यापर्यंत. सॉक लायनर उचलून बघा, आत टाक्यांची ओळ दिसली की ब्लेक.

दीपनगर_शिफ्ट

सेफ्टी शूजबद्दल लिहितो, कारण औष्णिक केंद्रापासून जिनिंगपर्यंत सगळीकडे ते लागतात आणि बरेच जण नुसतं पुढून ठोकून "लोखंड आहे" म्हणून घेतात.

भारतीय मानक आयएस १५२९८. भाग २ मधल्या बुटाच्या, बोटांवरच्या कडक टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसायला हवा, म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडलं तर. आणि १५ किलोन्यूटनचा दाब. टोपी मोडू नये एवढंच बघत नाहीत. आघातानंतर आत किती जागा उरली ते मोजतात, मधल्या मापांना १४ मिमीच्या आसपास. म्हणून बूट अर्धा नंबर लहान घेऊन "सैल होईल" म्हणणं धोक्याचं आहे, ती १४ मिमीची जागा बोटांनी आधीच भरलेली असते. एकदा जड वस्तू पडली की वरून काही दिसलं नाही तरी जोडी बदला. टोपी दबली की पुन्हा तेवढं सोसत नाही. याच मानकात अपर-सोलचा जोड मिलिमीटरमागे ४ न्यूटन सोसावा असं आहे, म्हणजे एक सेंटिमीटर रुंद पट्टी सोलवायला चार किलोच्या आसपास ओढ लागली पाहिजे.

आपल्याकडचे बहुतेक सेफ्टी शूज चिकटवलेले नसतात. फर्म्यावर चढवलेलं अपर साच्यावर बसवतात आणि दोन रसायनं एकत्र करून पीयू थेट त्यावर ओततात. ते फुगून भरतं आणि अपरला धरतं. ड्युअल डेन्सिटी म्हणजे आतला थर हलका, मऊ, बाहेरचा घट्ट. बाहेरचा रंग वेगळा असेल तर कापल्याशिवायही कडेला दिसतो.

पीयू सोल १२०-१३० अंशांच्या पुढे टिकत नाही. बॉयलरजवळ, तापलेल्या राखेवर, वेल्डिंगखाली नायट्राइल रबराचा सोल हवा. एचआरओ असं चिन्ह असेल तर तो ३०० अंशांच्या पृष्ठभागाला एक मिनिट टेकवून तपासलेला असतो.

अँटिस्टॅटिक म्हणजे करंटपासून वाचवणारा, असं समजणं जिवावर बेतेल. अँटिस्टॅटिक बूट अंगावरची स्थिर वीज हळूहळू जमिनीत सोडतो, म्हणजे तो थोडा वाहकच असतो. लाइनवर काम करणाऱ्याला विद्युतरोधक बूट वेगळे येतात. आणि अँटिस्टॅटिक बुटात बाजारातली फोमची गादी घातली तर त्याचा तो गुणही जातो.

वाचक_पारोळा

कपाटात दोन-तीन वर्षं डबीत ठेवलेले न वापरलेले बूट घातले की सोलचा बिस्किटासारखा चुरा होतो. उष्णतेने का?

लास्टिंगरूम

उष्णता भर घालते, पण मूळ कारण पाणी. पीयूच्या साखळ्या हवेतल्या ओलाव्याने तुटत जातात, याला हायड्रोलिसिस म्हणतात. पॉलिएस्टर जातीच्या पीयूत जास्त, पॉलिईथर जातीत कमी. बंद प्लास्टिक पिशवीत ओलावा कोंडतो म्हणून तिथे लवकर होतं. वापरातला बूट अनेकदा जास्त टिकतो. म्हणून सेफ्टी शूजचा साठा करू नका, आणि घेताना जिभेवर किंवा सोलवर बनवल्याचा महिना-वर्ष बघून घ्या. रेक्झिनच्या अपरची साल निघते तीही बऱ्याचदा याच कारणाने. चुरा सुरू झालेल्या सोलवर गोंद किंवा शिलाई दोन्ही वाया जातं, धरायला घट्ट जागाच उरलेली नसते.

ईव्हीएला हा रोग नाही. त्याचा रोग उन्हाचा. ईव्हीएचे दाणे फुगवणाऱ्या रसायनासह साच्यात १७० अंशांच्या वर शिजवतात. साचा उघडताच तुकडा दीडपट उडी मारून मोठा होतो. त्यामुळे आत लाखो हवेच्या पेशी. बंद गाडीत किंवा पत्र्यावर तापला की त्या आकसतात आणि बूट लहान होतो, कडा वळतात. तो परत येत नाही.

भरती_सराव_अमळनेर

पोलीस भरतीच्या १६०० मीटरच्या सरावासाठी मुलं कोणता बूट घ्यावा विचारतात. कशाकडे बघायला सांगू?

शिलाईघर

सर, आधी सॉक लायनर काढून आत बघा. धावण्याच्या बुटात कडक बोर्ड नको, कडेने झिगझॅग शिवलेलं मऊ कापड हवं. ती स्ट्रोबेल पद्धत. अपर पिशवीसारखं शिवून त्यात फर्मा घुसवतात, त्यामुळे बूट हलका आणि चवड्याशी लवचीक होतो. बूट दोन्ही हातांत धरून वाकवा: चवड्याशी वाकायला हवा. मधेच, कमानीपाशी घडी पडली तर ठेवून द्या. पंचा पिळतात तसा पिळा. थोडा विरोध जाणवला पाहिजे.

मिडसोल, म्हणजे मधला मऊ थर, ईव्हीएचा, त्याखाली टाच आणि चवड्यावर तरी रबराची पट्टी. नुसता ईव्हीए मुरमाड मैदानावर साबणासारखा झिजतो. पीव्हीसी ओळखायचं असेल तर सोलचा छोटा तुकडा पाण्यात टाका: पीव्हीसी बुडतो, ईव्हीए तरंगतो. ईव्हीए बाहेरून चांगला दिसत असतानाच आतून बसतो. ५०० ते ८०० किलोमीटर धरून चला. मिडसोलच्या भिंतीवर आडव्या बारीक सुरकुत्या कायमच्या दिसू लागल्या की गेला. त्यानंतर नडगी दुखायला लागली तर आधी बूट बदला.

केळीबाग_रावेर

शेतातल्या बुटांचं राहिलं. रात्री पाणी भरायला, केळीत, फवारणीला.

रापी_आरी

तिथे चामडं नकोच. फवारणीचं औषध चामड्यात मुरतं, धुऊन जात नाही आणि घामाबरोबर पायाला लागत राहतं. गुडघ्याखालपर्यंतचा गमबूट घ्या, आणि पॅन्ट बुटाच्या बाहेर ठेवा. आत खोचली तर अंगावरून ओघळलेलं औषध थेट बुटात उतरतं. रात्रीच्या पाण्याला, सापकिरड्याच्या भीतीला तोच बूट. पीव्हीसीचा स्वस्त पडतो, पण सतत उन्हात राहिला की कडक होऊन घोट्याच्या घडीवर तडकतो. सावलीत उलटा टांगा.

काळ्या मातीला सोलची नक्षी बघून घ्या. खाचा जवळजवळ आणि बारीक असतील तर माती त्यात भरून तळ सपाट होतो, मग केळीच्या ओल्या पानावर पाय सरकलाच म्हणून समजा. गुट्टे (सोलवरचे उंचवटे) लांब-लांब, खाच ५ मिमीच्या वर खोल आणि तोंडाशी रुंद हवी, म्हणजे चालताना माती आपोआप सुटते. चामडी बुटावर चिखल बसला तर ओला असतानाच पुसा. काळी माती वाळताना चामड्यातलं तेल ओढून घेते, तडे त्यामुळे जातात. भिजलेला बूट उन्हात किंवा गाडीच्या सायलेन्सरजवळ नको. आत वर्तमानपत्र कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा.

वाचक_पारोळा

शेवटचं विचारतो. बसस्टँडवरच्या कारागिराकडून सोलला शिलाई मारून घ्यावी का? आणि टाच एका बाजूने झिजली तर?

रापी_आरी

रबर, टीपीआर, पीव्हीसी सोलला अवश्य मारून घ्या, पण दोन गोष्टी सांगा. आधी सोलच्या कडेने रापीने बारीक चर काढून टाका त्यात बसवायचा, नाहीतर रस्त्यावर घासून दोरा महिन्यात तुटतो. आणि मेण ओढलेला नायलॉन दोरा. मेण भोकं बुजवतं. आत कडक बोर्ड असेल तर आरीचा प्रत्येक टाका त्याच्या कडेने जाऊ द्या, मधून गेला तर बोर्ड मोडतो.

टाच मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात झिजते, ती सगळ्यांचीच. टाचेखालचा शेवटचा रबरी थर तीन-चार मिमी उरला की बदलून घ्या. मूळ टाचेपर्यंत झीज पोचली तर सगळी टाच तिरकी बसते आणि काउंटरही एका बाजूला कलतो. नवा थर ठोकल्यावर बूट तिथेच घालू नका. आधी आत हात घाला आणि खिळ्याचं टोक वर आलंय का ते बोटाने फिरवून बघा. आलं असेल तर तिथल्या तिथे लोखंडी पायावर धरून वळवून घ्या.